डबा झाला का?

सकाळी सात-साडेसातच्या सुमाराला महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराच्या दारावरून गेलात, तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो, 'डबा झाला का?' आतून उत्तर येतं, 'होतोय, दोन मिनिटं थांब.' शब्दाला शब्द लावून पाहिलं, तर हा संवाद मोठा चमत्कारिक आहे. डबा व्हायचा कुठे राहिलाय? तो कारखान्यात कधीच होऊन गेला, बाजारातून घरी आला, फडताळात बसला. आत्ता जे होतंय ते पोळ्या आणि भेंडीची भाजी. तरी आपण विचारतो डब्याबद्दलच. मूल दाराबाहेर पडताना 'डबा घेतलास ना?' आणि संध्याकाळी परत आल्यावर 'डबा का नाही संपवलास?' स्टीलचा डबा संपवणारं पोर अजून जन्माला यायचं आहे, पण हा प्रश्न एकाही मुलाला कधी विचित्र वाटलेला नाही.

भांड्याचं नाव आतल्या पदार्थाला देण्याची रीत भाषेला नवी नाही. आपण 'ताट वाढलंय' म्हणतो, 'दोन कप घेतले' म्हणतो. आपले जुने साहित्यशास्त्रकार याला लक्षणा म्हणायचे. पण ताट आणि कप तेवढ्यावरच थांबले. डबा मात्र तिथे थांबला नाही. तो रेल्वेत गेला, सिनेमात गेला, शेअर बाजारात शिरला, तुरुंगाच्या दारापर्यंत पोचला आणि एका आजाराचं नावही होऊन बसला. एवढं फिरून आलेला दुसरा भांड्याचा शब्द मला मराठीत तरी दिसत नाही.

आधी डबा म्हणजे नेमकं काय, ते पाहू. घागर, कळशी, पातेलं, परात, कढई ही सगळी उघडी भांडी. त्यांच्यावर झाकण ठेवतात, पण ते त्यांचं नसतं. पातेल्यावर आज ताटली असेल, उद्या परात. घागरीवर फुलपात्र पालथं घालतात. डब्याचं तसं नाही. त्याचं झाकण त्याचंच असतं आणि ते दुसऱ्या डब्याला बसत नाही. घरातल्या बाईला विचारा, दहा डबे धुऊन पालथे घातल्यावर कुठलं झाकण कुणाचं, हे ती हातात घेताक्षणी सांगेल. आता झाकण तर पेटीलाही असतं. पण पेटीला बिजागरी असते, कडी असते, बऱ्याचदा कुलूप असतं. डब्याला कुलूप नाही. हाताने झाकण काढायचं, हाताने लावायचं. बंद तर आहे, पण ज्याच्या हाती पडेल त्याला उघडता येतं. पुढचे बहुतेक अर्थ या एका गोष्टीतून निघाले आहेत, असं मला वाटतं.

आणि झाकण हरवलं की काय होतं? डब्याचं डबडं होतं. मराठीची ही गंमत पाहा. मोठा तो डबा, लहान ती डबी आणि ज्याची किंमत गेली ते डबडं. चुन्याची डबी, हिंगाची डबी, तपकिरीची डबी. हिंगाच्या डबीला तर इतका मान की ती रिकामी झाली तरी कुणी टाकत नाही. पण पोचा पडलेला, झाकण गमावलेला डबा नपुंसकलिंगात गेला आणि वळचणीला पडला. जुन्या मोटारीला आपण 'काय डबडं चालवतोस' म्हणतो, त्यामागे हेच. घरोघरी पातळ पडद्याचे टीव्ही आले, तेव्हा पाठीमागे पोट असलेल्या जुन्या टीव्हीला लोक 'डबा टीव्ही' म्हणू लागले. काल दिवाणखान्यात मानाच्या जागी बसलेल्या वस्तूला भाषेने एका शब्दात खाली उतरवलं.

याच घरातला आणखी एक शब्द आहे, डबोलं. 'त्याच्या हाती डबोलं लागलं' म्हणजे पुष्कळ पैसा एकदम मिळाला, तोही कुणाला फारसा न कळता. डबोलं कधी उघड्यावर नसतं. पूर्वी ते जमिनीत पुरलेलं असे आणि नंतर तूरडाळीच्या किंवा तांदळाच्या डब्यात, तळाशी, फडक्यात गुंडाळून. घरखर्चातून वाचवलेले पैसे बायका बँकेत नव्हे, डब्यात ठेवत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा अनेक घरांत हे डबे पहिल्यांदा नवऱ्यादेखत उघडले गेले. पुरुषांनी त्यावर हसून विनोद केले. पण ज्या बाईच्या नावावर घर नाही, खातं नाही, तिची अडीनडीची एकुलती एक सोय त्या रात्री उघडी पडली. तो विनोद मला तेव्हाही कळला नव्हता. (मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. डबा मात्र या हिशेबात आला नाही. गृहिणीची शिल्लक एवढी मोठी कधी नव्हतीच!)

आता शब्द आला कुठून? याबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं, की हा फारसीतून आला. फारसीत 'दब्बा' असा शब्द आहे आणि तोही तेल-तूप ठेवायच्या पात्राचाच. यूल आणि बर्नेल या दोघा इंग्रजांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा एक मोठा मजेदार कोश काढला. हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले इथले शब्द त्यात आहेत. त्यात 'डबर' या शब्दाची नोंद आहे आणि तिचं मूळ फारसी 'दब्बा' असं दिलं आहे. अर्थ काय दिलाय? म्हशीच्या कच्च्या कातड्याचं, वाळवून कडक केलेलं, लांबट गोल भांडं. तेल आणि तूप नेण्यासाठी. म्हणजे आपण ज्याला बुधला म्हणायचो तेच. बैलाच्या पाठीवर लादून नेताना मातीचं भांडं फुटणार, तांब्या-पितळेचं परवडणार नाही. कातडं त्याला सोपं. पडलं तरी फुटत नाही.

दुसरं मत असं, की हा शब्द इथलाच, देशी. त्यासाठी दाखला देतात तो त्याच्या पसाऱ्याचा. हिंदीत डब्बा आणि डिब्बा, गुजरातीत डब्बो, कानडीत डब्बी, तेलुगूत डब्बा, तमिळमध्ये टप्पा किंवा डप्पा. शिवाय आपल्या भाषेत डब-डब असा आवाज काढणारे शब्द आहेतच. पाणी साचलेलं डबकं, पाण्याने डबडबलेले डोळे. पोकळ आणि भरलेलं, या दोन्हींचा नाद त्या 'डब'मध्ये आहे. रिकाम्या डब्यावर टिचकी मारून पाहा, तो स्वतःचं नाव सांगतो.

फारसी मताला एक आक्षेप घेतला जातो, की फारसीत 'ड' नाही, मग 'द'चा 'ड' कसा झाला? दरवाजा, दवा, दुकान यांचा तर झाला नाही. हा आक्षेप मला फारसा पटत नाही. फारसीतलं 'दफ' नावाचं वाद्य मराठीत येऊन 'डफ' झालंच ना! शाहिराच्या हातात जे घडलं, ते तेल्याच्या बुधल्याबाबतही घडू शकतं. माझा स्वतःचा कल असा आहे, की दोन्ही मतांत थोडंथोडं तथ्य असावं. बाहेरून आलेला शब्द अशाच घरात लवकर रुजतो, जिथे त्याच्यासारखे दिसणारे नातेवाईक आधीपासून बसलेले असतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेल-तुपाशी असलेलं डब्याचं नातं कधी तुटलं नाही. कातडं गेलं, पत्रा आला, तरी आजही किराणा दुकानात 'शेंगदाणा तेलाचा डबा कितीला?' असंच विचारतात आणि डबा म्हटलं की पंधरा किलो, हे गृहीत असतं. इथे डबा हे माप झालं.

पत्र्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आज आपल्या डोळ्यासमोर जो डबा येतो, तो तिने घडवला. पत्रा म्हणजे लोखंडाचा पातळ पापुद्रा. तो नुसता ठेवला तर पंधरा दिवसांत गंजेल. म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी कथलाचा अगदी तलम थर देतात. कथील हवेने गंजत नाही आणि अन्नाला चव लावत नाही. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करत, तेही कथीलच. तेव्हा कल्हईवाल्याने जे भट्टीवर, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने केलं, तेच कारखान्याने यंत्रावर केलं. थर शाबूत आहे तोवर डबा चकचकीत. एकदा का तो खरवडला की आतलं लोखंड उघडं पडतं आणि गंज धरतो. म्हणून पोचा पडलेल्या डब्यात लोणचं ठेवू नये, असं आजी सांगायची. तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण डबा ठाऊक होता.

इंग्लंडमध्ये अन्न टिकवण्यासाठी पत्र्याच्या डब्याचं पेटंट १८१० साली पीटर ड्युरंड याने घेतलं. तो डबा उघडायचं हत्यार मात्र चाळीसेक वर्षांनी निघालं. मधल्या काळात छिन्नी-हातोडी! आपल्याकडे अन्नाचे बंद डबे तेव्हा कुणाला हवे होते? आपल्याकडे पत्र्याचा डबा घरोघर पोचला तो रॉकेलमुळे. 'रॉक ऑइल'चं आपण रॉकेल केलं. परदेशातून ते जहाजाने येई, चौकोनी डब्यांत, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून. एका डब्यात चार गॅलन, म्हणजे साधारण अठरा लिटर. दिव्यात तेल जळून जाई आणि मागे उरे तो डबा. तो फुकट मिळालेला, मजबूत, हलका. त्याला वर आडवी दांडी ठोकली की पाणी आणायला झाला. कापून सरळ केला की झोपडीचं छप्पर झाला. बाजूला भोक पाडून माती लिंपली की शेगडी झाला. पुढे जमशेदपूरला १९२० मध्ये पत्रा बनवणारी कंपनी उभी राहिली आणि डबा पुरता देशी झाला.

१९३७ साली डालडा आला. त्याच्या पिवळ्या डब्यावर ताडासारखं झाड होतं. वनस्पती तूप चांगलं की वाईट यावर घराघरांत वाद झाले, पण डब्याबद्दल एकमत होतं. त्यात तुळस लागली, गव्हाचं पीठ राहिलं आणि चाळीच्या टोकाशी पहाटे रांगेत उभं राहणाऱ्यांच्या हातातही तोच दिसला. पूर्वी 'डबा टाकायला जाणे' याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे. हा अर्थ रविवारच्या पुरवणीत लिहावा की नाही, असं क्षणभर वाटलं. पण ज्या देशात कोट्यवधी माणसांनी, विशेषतः बायकांनी, अंधार पडण्याची वाट पाहत दिवस काढले, तिथे हा अर्थ लपवण्यात सभ्यता कसली?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली. तीन इंजिनं आणि चौदा डबे. तेव्हाच्या गाड्यांचे डबे खरोखरच डबे होते. एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही, प्रत्येक खणाला बाहेरून स्वतंत्र दार. माणसं आत घालायची आणि दार लावायचं. लोकांनी पाहिलं आणि नाव देऊन टाकलं. मालगाडीच्या 'वॅगन'ची मात्र आपण वाघीण केली. इथे एक सूक्ष्म भेद आहे. इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला तो कोळशासाठी, आणि घरातला शब्द दिला तो माणसांसाठी. मुंबईत आज 'पंधरा डब्यांची जलद गाडी' अशी घोषणा होते, तेव्हा फलाटावर उभ्या असलेल्या हजारोंपैकी निम्म्यांच्या पाठीवरच्या पिशवीत आणखी एक डबा असतो. डब्यात डबा. कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

सिनेमाचं रीळ हजार फुटांचं, म्हणजे जेमतेम अकरा मिनिटांचं. ते गोल, चपट्या डब्यात ठेवत. चित्रपट पुरा होऊनही कुणी विकत घेतला नाही, तर ते डबे तसेच पडून राहत. तिथून 'पिक्चर डब्यात गेला' हा वाक्प्रचार आला. आता रीळ गेलं, सिनेमा चकतीवरून आणि तारेतून येतो, तरी न चालणारा सिनेमा अजून डब्यातच जातो. मुलांच्या 'डबा ऐसपैस' या खेळाचीही अशीच गंमत. लपलेला गडी दिसला की इंग्रज पोरं 'आय स्पाय' म्हणत. त्याचं आपण ऐसपैस केलं, कारण मोकळंढाकळं या अर्थाचा तो शब्द आपल्याकडे होताच. राज्य असणाऱ्याने डबा रिंगणात राखायचा आणि लपलेल्याने येऊन लाथेने तो उडवायचा. उडवला की पकडलेले सगळे सुटले. त्या रिकाम्या डब्याच्या खणखणाटाइतका मुक्ततेचा दुसरा आवाज लहानपणी मी ऐकलेला नाही.

शेअर बाजारातला डबा मात्र खेळ नव्हे. बाजारातल्या भावावर, पण बाजाराबाहेर, परस्पर सौदे लावायचे. ना नोंद, ना कर, ना पावती. शेअर प्रत्यक्षात कुणी घेत नाही, कुणी देत नाही. फक्त भाव वर गेला की खाली आला यावर पैज. याला 'डबा ट्रेडिंग' म्हणतात आणि १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याखाली तो गुन्हा आहे. सेबी वेळोवेळी लोकांना सावध करत असते. अमेरिकेत अशा दुकानांना 'बकेट शॉप' म्हणत. त्यांना बादली सुचली, आपल्याला डबा. माझ्या मते आपला शब्द अधिक नेमका आहे. बादलीत काय आहे ते दिसतं. डब्याला झाकण असतं आणि ते उघडेपर्यंत आत काही नाही, हे कळत नाही. या डब्यात पैसे बुडालेला माणूस तक्रार घेऊन तरी कुणाकडे जाणार?

आता एका अर्थाशी मला जरा थांबायचं आहे. शहरातल्या अनेकांनी तो ऐकलेलाही नसेल. खेड्यापाड्यांत लहान मुलाला छातीचा आजार झाला, श्वास जोरात चालू लागला, पोट वरखाली होऊ लागलं, बरगड्यांखाली खळगा पडू लागला, की म्हातारी माणसं म्हणतात, 'बाळाला डबा झालाय.' पोट फुगून डब्यासारखं टणक लागतं, बहुधा त्यावरून हे नाव पडलं असावं. नाव चुकीचं आहे असं नाही. अडचण पुढे होते. आजार पोटाचा ठरला की उपाय पोटावर होतो. कुठे लेप, कुठे मंत्र, आणि काही ठिकाणी तापवलेल्या लोखंडाचे चटके. आजार असतो छातीत. त्याला डॉक्टर न्यूमोनिया म्हणतात आणि वेळेवर प्रतिजैविक दिलं तर बहुतेक मुलं वाचतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने यावर मोठं काम केलं. गावातल्याच माणसांना आणि दायांना त्यांनी न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा उपचाराने न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू कमी होतात, हे त्यातून जगापुढे आलं. ओळखायची खूण अगदी सोपी आहे आणि ती प्रत्येक घरात ठाऊक असायला हवी. मूल शांत असताना पुरा एक मिनिट त्याचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक भरले, तर दवाखाना गाठायचा. पोटाकडे नव्हे, छातीकडे पाहायचं. तेव्हा कुणी आजी 'डबा झालाय' म्हणाली, तर तिला हसू नका. तिने आजार बरोबर हेरलेला असतो. फक्त त्या शब्दावर विसंबून रात्र काढू नका.

जेवणाच्या डब्याकडे परत येतो. मुंबईच्या डबेवाल्यांची सुरुवात १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी केली. माणसं मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. १९५६ मध्ये त्यांचा न्यास नोंदला गेला. २००३ साली इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स चर्चगेटला येऊन त्यांना भेटले आणि २०१० मध्ये हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेने त्यांच्यावर पाठ तयार केला. त्यांच्या हातून लाखोंत एकच चूक होते, वगैरे आकडे आपण सगळ्यांनी वाचले आहेत. मला त्या आकड्यांपेक्षा झाकणाचं कौतुक आहे. त्या झाकणावर रंगाने काढलेल्या चार-सहा खुणा असतात. कुठल्या स्थानकावरून निघाला, कुठल्या स्थानकावर उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला. ना माणसाचं नाव, ना पत्ता. डबा तीन-चार हातांतून जातो आणि दुपारी रिकामा होऊन त्याच वाटेने, त्याच हातांतून परत घरी येतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि ही साखळी तुटली. त्याआधी सुमारे पाच हजार डबेवाले आणि दोन लाखांच्या आसपास डबे असं सांगितलं जाई. टाळेबंदीत कितीतरी जण गावी परतले, कित्येकांनी दुसरी कामं धरली आणि घरून काम करणाऱ्या कारकुनाला डबा लागेनासा झाला. धंदा पुन्हा सुरू झाला, पण तो पूर्वीएवढा उरला नाही.

त्याच काळात दुसरीकडे काय झालं? घरात अलग राहिलेल्या रुग्णांना कुणी डबा द्यायचा? पुण्यात, नाशकात, नागपुरात कितीतरी बायकांनी घरून डबे सुरू केले. कुणी पैसे घेऊन, कुणी न घेता. 'ती डबे करते' या तीन शब्दांच्या वाक्यात महाराष्ट्रातल्या किती घरांचं अर्थकारण आहे, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. विधवा झालेली, नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, मुलाच्या शिक्षणाला पैसे कमी पडलेली बाई प्रथम काय करते? डबे. भांडवल एक शेगडी आणि हात. आणि परगावी शिकायला आलेला मुलगा घरी फोनवर सांगतो, 'आई, डबा लावलाय,' तेव्हा आईचा जीव अर्धा भांड्यात पडतो. अर्धाच, कारण तो डबा आपल्या हातचा नाही.

घरच्या माणसांसाठी जी बाई डबा करते, तिचा तर हिशेबच नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातली बिनमोल कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता आणि अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. 'डबा झाला का?' या प्रश्नात कर्ता नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? डबा आपोआप 'होतो'. 'तू डबा केलास का?' असं फार थोड्या घरांत विचारतात आणि 'मी करू का?' असं त्याहून थोड्या.

न्यायालयाच्या बातम्यांत अधूनमधून एक ओळ येते, 'आरोपीला घरच्या डब्याची परवानगी.' १८९४ च्या तुरुंग कायद्यातच अशी तरतूद होती, की ज्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही, त्या कैद्याला बाहेरून अन्न मागवता येईल. तपासून आत सोडायचं. बातमीदार 'जेवण' लिहीत नाही, 'अन्न' लिहीत नाही, 'घरचा डबा' लिहितो आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं. तुरुंगाच्या फाटकाशी झाकण उघडलं जातं, पोळ्या उलगडून पाहिल्या जातात, भाजीत चमचा फिरवला जातो, झाकण पुन्हा लागतं. रुग्णालयाच्या दारातही भेटीच्या वेळी हातात पिशवी धरून उभी असलेली माणसं पाहा. बहुतेकांना पहारेकऱ्याला एवढंच सांगावं लागतं, 'डबा द्यायचाय.'

आता मोबाइलवर बोट टेकवलं की गरम जेवण दारात येतं. तेही बंद भांड्यात असतं, त्यालाही झाकण असतं. पण त्याला कुणी डबा म्हणत नाही. ते पार्सल. कारण ते परत जायचं नसतं. डबा परत जातो. पूर्वी भांड्यांच्या दुकानात कोरणारा बसलेला असे. त्याच्या हातातलं यंत्र गुणगुणत डब्यावर नाव आणि तारीख उमटवी, म्हणजे लग्नाच्या पंगतीत किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांत गेलेला डबा बरोबर आपल्या घरी येई. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चमचाभर साखर तरी घालायची, हा रिवाज मी अजून काही घरांत पाहतो. पण काही घरांत दुसरंच दिसतं. पार्सलचे प्लास्टिकचे चौकोनी डबे धुऊन, पुसून, एकात एक घालून ओट्याखाली रचून ठेवलेले असतात. कुणाला काही द्यायचं झालं तर त्यातून देतात आणि वर सांगतात, 'प्लास्टिकच्याच डब्यात दिलंय हं, परत नको आणूस.'